डर्ट बाइकला एअर फिल्टर: कॉटन की फोम?

लालमाती

गाडी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही. आठवडाभर डांबरी रस्ता, रविवारी सडे (कोकणातली खडकाळ पठारं), चिऱ्याच्या खाणींकडे जाणारे कच्चे रस्ते, मधूनच नदीचं पात्र. चार-पाच गाड्या एकामागे एक असतात, त्यामुळे मागच्याच्या वाट्याला नुसता लाल फुफाटा. कंपनीचा कागदी फिल्टर बघता बघता भरतो. तो तेलकट असल्यामुळे हवा मारून साफ करायचा नसतो, म्हणजे दर वेळी नवा घ्या. आता धुऊन वापरता येईल असा बसवायचा आहे. दुकानदार कॉटनचं गुणगान गातो, एंड्युरोवाले (कच्च्या वाटांवर लांब पल्ल्याच्या शर्यती करणारे) फोमशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. यातला कोणता घेऊ, आणि का? कॉटनच्या तेलाने एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीचा सेन्सर बाद होतो म्हणतात, ते खरं का?

टॅपेट०८

तुमच्या रविवारासाठी फोम.

कॉटन फिल्टर म्हणजे जाळीच्या दोन पत्र्यांमध्ये धरलेले सुती गॉझचे चार-सहा थर, त्यांच्या घड्या आणि वर तेल. धुऊन वाळवलेला, तेल न लावलेला कॉटन उजेडासमोर धरून बघा, बारीक भोकं आरपार दिसतात. म्हणजे धूळ अडवण्याचं निम्मं काम तेलाचं आहे. सड्यावरच्या फुफाट्यात तेलाचा तो पातळ थर भराभर धुळीने भरतो. वर कोरडी धूळ बसली की नव्या धुळीला चिकटायला ओलं काही उरत नाही. हादऱ्यांनी ती सुटते आणि पुढे सरकते.

फोमलाही तेल लागतंच, पण तिथे जाडी मदतीला येते. चांगला फोम दोन थरांचा असतो, बाहेर मोठ्या छिद्रांचा, आत बारीक. जाड कण बाहेर अडकतात, बारीक आत. अख्ख्या जाडीत धूळ साठते, म्हणून फिल्टर बराच मळला तरी हवा मिळत राहते. कागदाचं उलट आहे. तो गाळतो सगळ्यांत बारीक, पण फक्त पृष्ठभागावर, म्हणून लवकर चोंदतो. आणि ओला झाला तर नदी ओलांडून वर आल्यावर गाडी ओढतच नाही.

एक साधी गोष्ट बघा. यामाहाच्या वायझेड, होंडाच्या सीआरएफ, कावासाकीच्या केएक्स आणि केटीएमच्या एसएक्स या शर्यतीच्या गाड्या कारखान्यातून फोम घेऊनच बाहेर पडतात. अर्ध्या हॉर्सपॉवरसाठी जीव टाकणारी ही मंडळी. कॉटनने मातीत खरंच फायदा होत असता तर त्यांनी तो सोडला असता का?

सेन्सरचं म्हणाल तर ती मोटारींकडून आलेली भीती. मोटारीत हवेच्या वाटेवर तापलेली तार असलेला एअर-फ्लो सेन्सर असतो, त्यावर जास्तीचं तेल बसलं की रीडिंग चुकतं. आपल्या सिंगल सिलिंडर गाड्यांत सहसा तो नसतो, इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. म्हणून सेन्सर जळणार वगैरे काही नाही. मात्र तेल थापलेला फिल्टर, मग तो कॉटन असो की फोम, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) चिकट राप आणतो आणि आयडलिंग वरखाली व्हायला लागतं.

पिकअप वाढेल ही आशा सोडा. एअरबॉक्सचं, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याचं, तोंड आहे तेवढंच राहणार, तिथेच हवा अडते. आणि म्हणून कुणी झाकण कापायला सांगितलं तर कापू नका. चिखल थेट फिल्टरवर येतो.

घाटवळण

टॅपेटभाऊंचं बरंचसं पटतं, पण प्रश्नातला 'आठवडाभर डांबरी' हा भाग त्यांनी सोडून दिला. नुसत्या डांबरावर कॉटन वाईट नाही. हलका तेलाचा हात, बऱ्याच किलोमीटरनी एकदा धुणं, भानगड नाही. फोमला रस्त्यावरही लक्ष द्यावं लागतं आणि आपल्याकडे माणूस रविवारी दमून आल्यावर फिल्टर धुतच नाही. न धुतलेला फोम हा धुतलेल्या कॉटनपेक्षा वाईटच.

दुसरं, फोमला स्वतःचा ताठपणा नसतो. मोटोक्रॉसच्या गाडीचा एअरबॉक्सच फोमच्या पिंजऱ्यासाठी घडवलेला असतो. आपल्या गाड्यांचा एअरबॉक्स कडेला रबर असलेल्या चौकोनी कागदी फिल्टरसाठी आहे. त्यात बाजारातला 'युनिव्हर्सल' फोम कापून कोंबणारे पाहिलेत. कोपऱ्यातून धूळ सरळ आत! घ्यायचा तर गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी साच्यातल्या कडेसह केलेलाच घ्या. तसा मिळत नसेल तर कंपनीचा कागदी घालत राहा, स्वस्तात पडेल.

टॅपेट०८

कडेचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फोम की कॉटन हा वाद त्यानंतरचा. पण डब्यावर छापलेले धुण्याचे हजारो किलोमीटरचे आकडे डांबरासाठी असतात, ते वाचून कुणी सड्यावर जाऊ नये. धुळीच्या राइडनंतर दोन्ही धुवावेच लागतात, आणि धुण्यात फोम सोपा. कॉटन सावलीत आपसूक वाळू द्यावा लागतो. कॉम्प्रेसरची हवा मारली तर गॉझ फाटतं, हेअर ड्रायर लावला तर सुती कापड आक्रसतं. पावसाळी हवेत तो दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. फोम मुठीत दाबून, मग टॉवेलमध्ये दाबून काही तासांत तयार. शिवाय कॉटनच्या पैशांत सहसा दोन फोम येतात. एक गाडीत, एक तेल लावून पिशवीत.

लालमाती

ठीक, फोम ठरला. साच्यातल्या कडेचा मिळतोय. धुवायला पेट्रोल चालेल का? आणि फिल्टर ऑइल इथे मिळत नाही, इंजिन ऑइल लावलं तर?

पाना_पक्कड

पेट्रोल नको. पहिलं कारण आग. दुसरं, फोमचे दोन थर आणि कड गोंदाने जोडलेले असतात; पेट्रोलने गोंद सुटतो आणि फोम ताठरतो. फोमचा क्लीनर मिळाला तर उत्तम, नाही तर रॉकेलमध्ये तेल सोडवा आणि मग कोमट पाण्यात साबण पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड.

फिल्टर काढायच्या आधी एअरबॉक्सचं झाकण आणि आजूबाजू ओल्या फडक्याने पुसा. काढताना वरची माती सरळ इनटेकमध्ये पडते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. काढल्याबरोबर इनटेकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. लाल किंवा पिवळं घ्या, म्हणजे आत विसरायचं नाही.

धुताना फोम मुठीत दाबायचा आणि सोडायचा. धुणं पिळतात तसा पीळ दिला की शिवण उसवते. पाणी नेहमी आतून बाहेर. बाहेरून नळ सोडला तर बाहेरची माती आतल्या बारीक थरात जाऊन बसते आणि तिथून ती निघत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा. उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. थोडा जरी ओला असेल तर त्या जागी तेल शिरत नाही, आणि नेमकी तिथूनच धूळ जाते.

आता तेल. फिल्टर ऑइलमध्ये चिकटपणा आणणारं द्रव्य असतं, लावल्यावर ते फोमच्या धाग्यांना धरून राहतं. इंजिन ऑइल रात्रभरात खाली उतरतं: वरचा अर्धा फोम कोरडा, खालचा चिंब आणि एअरबॉक्सच्या तळाला थारोळं. होंडाच्या जुन्या मॅन्युअलमध्ये फोमला ८०-९० गिअर ऑइल सांगितलेलं असायचं, त्यामुळे अडलंच तर इंजिन ऑइलपेक्षा ते बरं. पण वारंवार धुणार असाल तर फिल्टर ऑइलची बाटली कुरिअरने मागवा. मोटुल, मॅक्सिमा, बेल-रे कुठलंही चालेल. साबणाच्या पाण्यात निघणारं नो-टॉइलसारखं तेल घेणार असाल तर आधीच्या पेट्रोलियम तेलाचा अंशही फोममध्ये राहू देऊ नका, दोघांचं जमत नाही.

लावायची पद्धत: जाड प्लास्टिकच्या पिशवीत फोम, वर तेल, पिशवीची हवा काढा आणि बाहेरूनच कणीक मळल्यासारखा मळा. तेल रंगीत असतं, रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. फिकट ठिपका म्हणजे कोरडी जागा. मग जास्तीचं तेल दाबून काढा; हातात धरल्यावर थेंब पडत असेल तर अजून दाबा. लगेच बसवू नका. बऱ्याच तेलांत पातळ करणारं द्रव्य असतं, ते उडून जाईपर्यंत तासभर तरी ठेवा. आदल्या रात्री केलेलं सगळ्यांत चांगलं.

शेवटी जिथे फोमची कड एअरबॉक्सला टेकते तिथे पाण्यात न निघणाऱ्या ग्रीसचं बारीक, अखंड वेटोळं. जाड थर नको, तो आत सरकतो.

क्लच_केबल

पाना-पक्कड यांच्या ग्रीसबद्दल थोडं वाढवतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त गाड्या मार खातात.

राइडनंतर फिल्टर काढला की फिल्टरकडे नंतर बघा, आधी फिल्टरच्या पुढच्या रबर बूटमध्ये (थ्रॉटल बॉडीकडे जाणारी रबरी नळी) आतून बोट फिरवा. बोट स्वच्छ तेलकट आलं तर उत्तम. एका बाजूला मातीचा पट्टा दिसला तर कड त्या बाजूला बसलेली नाही: ग्रीस तुटलंय, फ्रेम वाकलीय किंवा क्लिप नीट लागलेली नाही. आतून सगळीकडे सारखी लालसर पूड असेल तर कड ठीक आहे, धूळ फोममधूनच येतेय. म्हणजे तेल कमी पडलं किंवा फोम संपला. या दोन खुणा ओळखता आल्या तर कॉटन-फोमच्या चर्चेतून सुटका होते.

आणि बूट ते थ्रॉटल बॉडी इथला क्लँपही ओढून बघा. फिल्टर कितीही भारी असला तरी त्याच्या पुढे गळती असेल तर त्याला कोण विचारतो.

धूळ आत गेल्याचा पुरावा पुढे टॅपेट सेटिंगमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या फटीच्या मापात, दिसतो. इनटेक व्हॉल्व्ह आणि सीट बारीक मातीने घासले जातात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स (ती फट) कमी कमी होत जातो. प्रत्येक सर्व्हिसला इनटेकचाच टॅपेट टाइट मिळतोय आणि एक्झॉस्टचा जागच्या जागी आहे, तर आधी एअरबॉक्स उघडा. त्यापुढची पायरी पिस्टनच्या रिंगा: ऑइल कमी व्हायला लागतं, कॉम्प्रेशन जातं, थंड गाडी स्टार्ट व्हायला वेळ लावते.

फोमच्या पिंजऱ्यावर बारीक जाळी असेल तर ती हवा अडवते म्हणून काढू नका. ती बॅकफायरची ठिणगी अडवायला असते. तेल लावलेला फोम पेटायला ठिणगी पुरते.

लालमाती

फोमवर घालायचा तो पातळ कपड्यासारखा मोजा येतो, तो घ्यावा का? आणि पावसाळ्यात तीन-चार महिने गाडी कमी चालते, तेव्हा सुटा फोम कसा ठेवू?

पाना_पक्कड

मोजा घ्या, तेल लावूनच घाला. कोरडा घातला तर नुसता धूळ गोळा करतो. पाच गाड्यांच्या रांगेत मागे असाल तर चहाला थांबल्यावर तेवढाच काढून नवा चढवता येतो, फिल्टर हलवावा लागत नाही. पण तो फोमच्या ऐवजी नाही. आणि आतला फोम त्या संध्याकाळी धुवायचाच.

फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत वर्षांनी भुसभुशीत होतो. कोकणात हे लवकर होतं. ठेवायचा तर धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावून, बंद झिप पिशवीत, खिळ्याला टांगून नाही. टांगला की वजनाने कड लांबते आणि मग एअरबॉक्सला नीट बसत नाही. जूनमध्ये ठेवलेला ऑक्टोबरमध्ये काढला की आधी कोपरा चिमटीत धरून हलकेच ताणा. बोटाला चुरा लागला, किंवा ताणलेली जागा परत मूळ आकारात आली नाही, तर टाकून द्या. तो चुरा पहिल्यांदा थ्रॉटल बॉडीतच जाणार. गाडीत जो बसवून ठेवलाय त्याचीही हीच तपासणी, आणि एअरबॉक्सच्या तळाची ड्रेन नळी दाबून साठलेलं पाणी काढा. तिच्या तोंडाशी चिखल सुकून बूच बसलेलं असतं बहुतेक वेळा.