सीनियर, सेनाइल आणि सिनेट या शब्दांचे मूळ एकच आहे का?

कोशवाचक : विद्यापीठाच्या सिनेट निवडणुकीची बातमी आणि वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावरील एक लेख असे दोन्ही लागोपाठ वाचनात आले, त्यावरून हा प्रश्न विचारतो. 'सीनियर' म्हटले की मान दिल्यासारखे वाटते, 'सेनाइल' म्हटले की माणसाची बुद्धी ढळली असा अर्थ होतो आणि 'सिनेट' हे तर सत्तेचे सभागृह. हे तिन्ही शब्द खरोखर एकाच मुळातून आले असतील, तर मान आणि अवमान यांची वाटणी नेमकी कुठे झाली?

शब्दयात्री : होय, तिघांचेही मूळ लॅटिनमधील 'सेनेक्स', म्हणजे वृद्ध, या शब्दात आहे. 'सेनिओर' हे त्याचेच तर-वाचक रूप असून त्याचा अर्थ 'अधिक वयाचा' असा होतो. तुलनेने थोरला असणे म्हणजे अधिकाराने वरचा असणे, हा अर्थ त्याला पुढे चिकटला आणि युरोपभर पसरला. फ्रेंच 'सेन्यर', स्पॅनिश 'सेन्योर', इटालियन 'सिन्योरे' आणि गोव्यात पोर्तुगिजांबरोबर आलेला 'सेन्योर' ही सगळी त्याचीच रूपे आहेत. जुन्या फ्रेंचमधील 'सायर'मधून इंग्रजीत 'सर' आला, त्यामुळे शाळेत आपण शिक्षकांना 'सर' म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीने त्यांना 'थोरले' असेच संबोधत असतो.

'सिनेट'चे मूळ 'सेनाटुस' म्हणजे वृद्धांची सभा, मात्र इ.स.पू. 81 च्या सुमारास रोमचा हुकूमशहा सुल्ला याने केलेल्या बदलांनंतर क्वेस्टरपद, म्हणजे खजिन्याचे कनिष्ठ अधिकारपद, भूषवून तिशीतली माणसेही तिथे बसू लागली होती, म्हणजे नावातले वय रोममध्येच मागे पडले होते.

वाटणीची सुरुवात मला रोमन वक्ता व लेखक सिसेरोच्या इ.स.पू. 44 मधील वृद्धत्वावरील ग्रंथात दिसते. त्यात वृद्ध रोमन मुत्सद्दी केटोच्या तोंडून तो सांगतो की, विवेक आणि सल्ला देण्याची शक्ती वृद्धांपाशी नसती, तर पूर्वजांनी सर्वोच्च सभेला 'सेनाटुस' हे नाव दिलेच नसते. त्याच ग्रंथात 'सेनिलिस' हे 'सेनाइल'चे मूळ असलेले विशेषण मूर्खपणाला जोडून येते, पण असा म्हातारचळ सर्वच वृद्धांना लागत नाही, केवळ उथळ वृद्धांना लागतो, असे तो लगेच बजावतो. इंग्रजीत सतराव्या शतकात 'सेनाइल' आला तेव्हा त्याचा अर्थ 'वार्धक्याचा' एवढाच होता. दुर्बल बुद्धीचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. सिसेरोने केलेला हा भेद इंग्रजीने पुसून टाकला, याची मला खरोखर खंत वाटते.

मूळशोधक : वरील प्रतिसादाला संस्कृतची जोड द्यावीशी वाटते. ऋग्वेदातील 'सन', म्हणजे जुना, हा शब्द 'सेनेक्स'चा सगोत्र आहे आणि 'सनातन' त्याच कुळातला आहे. त्याचप्रमाणे 'ज्युनियर' हे लॅटिन 'युवेनिस'चे तर-वाचक रूप असून त्याचे नाते आपल्या 'युवन्'शी आहे.

लॅटिनमध्ये जुनेपणासाठी 'वेटुस' असा दुसराही शब्द होता. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात 20 वर्षांची लष्करी सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्या सैनिकाला 'वेटरानुस' म्हणत, आणि इंग्रजी 'व्हेटरन' तिथूनच आला. 'वेटुस'च्या मुळाशी 'वर्ष' हा अर्थ आहे आणि संस्कृत 'वत्सर' व मराठी पंचांगातील 'संवत्सर' त्याचे नातलग आहेत. 'वत्स' म्हणजे मुळात वर्षाचे वासरू असे मानले जाते. एकाच मुळातून एका भाषेत जुनेपण आणि दुसरीत कोवळेपण निघाले, हे मला फार सुंदर वाटते.

कोशवाचक : दोघांचेही आभार. मग 'जेरिआट्रिक'चाही उगम लॅटिनमध्येच आहे का?

शब्दयात्री : नाही, तो शब्द ग्रीक 'गेरास', म्हणजे वार्धक्य, यावरून आला आहे. वृद्धांच्या वैद्यकशाखेला 'जेरिआट्रिक्स' हे नाव अमेरिकेतील डॉक्टर इग्नात्स नाशर यांनी 1909 मध्ये दिले. त्याच कुळातील 'गेरोन', म्हणजे वृद्ध, यावरून स्पार्टा या प्राचीन ग्रीक नगरराज्यातील वृद्धसभेला 'गेरूसिया' म्हणत; तिथे दोन राजे आणि साठी ओलांडलेले 28 सभासद असत. 'गेरोन' आणि संस्कृत 'जरत्' सगोत्र आहेत, आणि 'जरठकुमारी विवाह' या आपल्या परिचित शब्दप्रयोगातील 'जरठ' त्याच धातूचा आहे.