प्रतिसाद: सगळीकडे ८ मेगापिक्सेल कशाला?

शाळेच्या सीसीटीव्हीसाठी वर एकाने सगळीकडे ८ मेगापिक्सेलचे कॅमेरे लावा आणि यूपीएस फक्त एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) द्या असं लिहिलंय, दोन्ही पटत नाही. गेटवर चेहरा ओळखू यायला हवा तिथे ठीक, पण कॉरिडॉरला ४ मेगापिक्सेल पुरे, नाहीतर हार्डडिस्क भरता भरता नाकी नऊ येतील. हिशोबच करा ना, एका कॅमेऱ्याचा डेटा ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) धरला तर दिवसाला साधारण ४३ जीबी, १६ कॅमेरे म्हणजे ६९० जीबीच्या आसपास, ४ टीबीची डिस्क सहा दिवसात संपली! महिन्याचं रेकॉर्डिंग पाहिजे असेल तर आधी हे बघा.

आता यूपीएस. मी एका शाळेत हाच घोळ घालून बसलोय, लाईट गेली तरी एनव्हीआर मस्त चालू, स्क्रीनवर मात्र १६ काळे चौकोन, कारण पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) साध्या प्लगवर होता आणि कॅमेऱ्यांना पॉवर तिथूनच जाते :) तेव्हा स्विच, एनव्हीआर, राउटर तिन्ही यूपीएसवर घ्या, आणि लोड मोजताना रात्रीचा धरा, आयआर (अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे) लागले की कॅमेरे जास्त वॅट खातात. यूपीएसवर लिहिलेले व्हीए म्हणजे वॅट नव्हे हेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या इमारतीत केबल न्यायची असेल तर तांब्याची नकोच, फायबर टाका. तांब्याच्या नेटवर्क केबलला १०० मीटरची मर्यादा तर आहेच, पण जवळपास वीज पडली की त्याच केबलमधून सर्ज (विजेचा अचानक झटका) आत येतो आणि अख्खा स्विच जातो. अर्थिंग नीट नसेल तर सर्ज प्रोटेक्टर नुसता शोभेला.

हो, आणि डिफॉल्ट पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, लहान मुलांचं फुटेज आहे ते.