मदत हवी आहे : बीपी फक्त दवाखान्यात वाढतं, पण शुगरही काठावर आहे

आईचं वय ५८. डॉक्टरांसमोर बीपी १५०/९४ च्या आसपास, घरी १२४/७८. घरचं मशीन दंडाला पट्टा बांधायचं आहे आणि दवाखान्यातल्या मशीनशी ताडून पाहिलंय. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवूनच मोजतो. पट्टा लावून २४ तासांची तपासणीही केली, सरासरी १२२/७६ आली. डॉक्टर म्हणाले, व्हाइट कोट हायपरटेन्शन (फक्त डॉक्टरांसमोर वाढणारं बीपी) आहे, सध्या गोळी नको.

पण उपाशीपोटी शुगर ११२ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ६.१ आहे. थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ठीक. स्टेरॉइड चालू नाही, वजन थोडं जास्त, चालणं नियमित. अशा लोकांना पुढे मधुमेह आणि कायमचं बीपी होण्याची शक्यता जास्त असते असं वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय. ‘नुसती भीती’ म्हणून सोडून द्यायला मन धजत नाही.

औषधं सुचवू नका, ते डॉक्टरच ठरवतील. दोन्ही एकत्र असलेल्यांनी किंवा जाणकारांनी एवढं सांगा : ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी (ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी शुगर मोजतात ती) करून घ्यावी का, आणि २४ तासांची बीपी तपासणी किती काळाने पुन्हा करावी?