दारात आलेलं मांजर घरात घ्यायचं का? तुमचे अनुभव लिहा

गेले काही आठवडे एक मांजर आमच्या जिन्यात मुक्कामाला आहे. तिरंगी आहे. आधी लांबूनच बघायचं, आता दार उघडलं की शेपटी ताठ उभी करून येतं आणि पायांत घोटाळतं. लेकीने नावही ठेवून टाकलंय. सासूबाईंना घरात केस आणि घाण नको, नवरा म्हणतो ठेवू या, आणि माझं काही ठरत नाही. घरात राहणारी मांजरं पंधरा वर्षंही जगतात, म्हणून घाई करायची नाहीये. ज्यांनी असं मांजर घरात घेतलं, किंवा विचार करून घेतलं नाही, त्या सगळ्यांनी लिहा. त्रासाचंही लिहा, तेच जास्त हवंय.

---

आधी ते कुणाचं आहे का हे बघा. आमच्याकडे एक बोका रोज यायचा, अगदी उपाशी असल्यासारखा ओरडायचा. त्याच्या गळ्यात कागदाची सैल पट्टी अडकवली, सहज तुटेल अशी. तिच्यावर 'हा तुमचा आहे का?' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तीच पट्टी परत आली, मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'आमचा आहे. किडनीचं पथ्य सुरू आहे, कृपया काही देऊ नका.' त्या दिवसापासून मी कुणालाही हेच सांगते. शिवाय व्हेटकडे मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली मालकाची ओळख सांगणारी चिप, तपासून मिळते. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर बहुधा नसबंदी करून सोडलेलं मांजर असतं.

---

माझा अनुभव पिल्लांचा आहे, जरा लांब लिहितो.

पिल्लं एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नयेत. आई खाणं शोधायला गेलेली असते, माणसं जवळ उभी असली तर ती परत यायचं टाळते. आम्ही लांब थांबून बराच वेळ वाट पाहिली. ती आलीच नाही, आणि पिल्लं गार पडायला लागली तेव्हा घरी आणली. डोळे मिटलेले, म्हणजे दहाएक दिवसांच्या आतली.

व्हेटने पहिलंच सांगितलं, आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. दूधही गाईचं चालत नाही, हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं. मांजरीच्या पिल्लांसाठीची वेगळी पावडर मिळते. पाजताना बाळासारखं उताणं धरायचं नाही, पोटावरच ठेवायचं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून हळू पुसायचं, कारण पहिले तीन आठवडे त्यांना शी-शू आपली आपण होत नाही. ते काम आई चाटून करत असते.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करायचो. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं की जीव भांड्यात पडायचा. सगळ्यात लहान होतं त्याचं वजन एका दिवशी वाढलं नाही, दुसऱ्या दिवशी उतरलं, आणि ते गेलं. सगळं नीट करूनही जातात, हे मनाशी धरूनच पिल्लं घ्या. उरलेली दोघं आत्ता कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना पसरली आहेत.

---

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन हे मांजराला विषारी असलेलं कीटकनाशक असतं. आणि घरात लिलीची फुलं आणू नका, नुसता पराग चाटला तरी किडन्या निकामी होतात. आधी एवढं पाठ करा.

---

मी गरोदर होते तेव्हा आमची माऊ घरात नवीनच आली होती. जो येईल तो म्हणे, आधी तिला बाहेर काढ. मी डॉक्टरांनाच विचारलं. टॉक्सोप्लाझ्माचा, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका परजीवी जंतूचा, धोका खरा आहे, पण तो मांजराच्या विष्ठेतून, आणि ती विष्ठा निदान एक दिवस पडून राहिल्यावर. म्हणून लिटर (मांजराच्या शी-शूची पेटी) रोज साफ करायचं आणि ते काम नवऱ्याने करायचं, असं ठरलं. कच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही तोच संसर्ग होतो, त्याबद्दल मात्र मला कुणीच बोललं नव्हतं. माऊ राहिली. बाळ आता तिच्या शेपटीमागे रांगतं.

---

घरात आधीचं मांजर असेल तर नवीन आलेल्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. आमच्याकडे जुनी मांजरी होती म्हणून व्हेटने हट्टच धरला: ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूजन्य आजारांची रक्ततपासणी, जंताचं औषध, लसी, आणि तोवर भांडी-लिटर सगळं वेगळं. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू कपड्यांवरून, चपलांवरूनही येतो, त्यामुळे हा हट्ट रास्तच होता.

आमचा नवा बोका पलंगाखालून बाहेरच यायचा नाही. हात पुढे केला की फिसकारायचा. मी रोज संध्याकाळी त्या खोलीत जमिनीवर बसून मोठ्याने पेपर वाचायचे, त्याच्याकडे न बघता. नजर भिडलीच तर डोळे सावकाश मिटायचे नि उघडायचे. बऱ्याच दिवसांनी त्यानेही तसेच डोळे मिटले. पुढे कधीतरी त्याचं डोकं माझ्या गुडघ्याला लागलं आणि मी तशीच बसून राहिले, पाय सुन्न होईपर्यंत. अजूनही तो मांडीवर येत नाही. त्याला जेवढं जवळ यायचं तेवढंच तो येतो, आणि ते मला पुरतं.

---

आम्ही घरात घेतलं नाही. मुलाला दमा आहे. ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते, त्यामुळे आखूड केसांचं मांजर आणूनही सुटका नसते. पण आमच्या आवारातल्या चौघींची नसबंदी करून घेतली, लसी दिल्या, ठरलेल्या वेळी खाणं आणि पाणी ठेवतो. घरात घेतलं नाही म्हणजे जबाबदारी झटकली, असं कुणी म्हणालं की मला फार लागतं.

---

मीही एक सासूबाईच आहे. माझाही विरोध होता, आणि तो घाणीमुळे कमी, काम कोणाच्या गळ्यात पडणार यामुळे जास्त होता. सुनेने लिटर, खाणं, दवाखाना कोण बघणार हे आधीच स्पष्ट सांगितलं, तेव्हा मी हो म्हटलं. तुमच्या सासूबाईंनाही तसं विचारून बघा, केसांचा प्रश्न बहुधा मागे पडेल.

---

धागाकर्तीला: तिरंगी म्हणजे जवळपास नक्कीच भाटी (मादी), कारण काळा आणि केशरी दोन्ही रंग यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. म्हणजे सगळ्यात आधी ती गाभण आहे का हे बघा. चार-पाच महिन्यांची भाटीही गाभण राहते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा राहू शकते. त्यामुळे ठेवायचं की नाही हे ठरायच्या आधीच दवाखाना गाठा. दोन-चार दिवस कॅरियर जिन्यातच दार उघडं ठेवून असू द्या, आत जुनी चादर घाला आणि तिचं खाणं रोज थोडं आत सरकवा. ती आपण होऊन आत बसायला लागली की दार लावा.