थंडीत शेततळ्यातले मासे खाद्य खात नाहीत, प्रमाण किती ठेवू?

निफाड_बागायतदार
30 × 30 मीटरचं प्लास्टिक अस्तराचं शेततळं, खोली 3 मीटर. जुलैत 900 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली: कटला, रोहू, सायप्रिनस. आता मासा सरासरी 150 ग्रॅम. 28 टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य रोज 5 किलो, निम्मं सकाळी 7 ला, निम्मं संध्याकाळी. डिसेंबर लागल्यापासून तासाभरानेही दाणे पाण्यावर तसेच. पाणी गडद हिरवं झालंय. दुकानदार म्हणतो वाढ थांबलीय, 32 टक्क्यांचं घ्या. घेऊ का?

सिन्नर_तळेवाला
नका घेऊ. आधी हिशोब बघा. 900 च्या 900 जगले धरले तरी वजन 135 किलो, म्हणजे तुम्ही पावणेचार टक्के घालताय. हा दर कोमट पाण्यातल्या लहान माशाचा. 20 टक्के मर धरा, म्हणजे 720 मासे, 108 किलो.

तापमापी दोरीला बांधून तीन फूट खोल सोडा, सकाळी 7 आणि दुपारी 2 ला वाचा. दुपारचं पाणी 22 अंशांच्या वर असेल तर वजनाच्या 2 टक्के, 18 ते 22 ला 1 टक्का (तुमच्याकडे साधारण 1 किलो), 15 ते 18 ला अर्धा टक्का आणि तेही दिवसाआड. 15 च्या खाली पूर्ण बंद. वेळ एकच, दुपारी 12 ते 2. वीस मिनिटांत संपेल तेवढंच. जास्त प्रथिनं थंडीत अंगाला लागत नाहीत, अमोनिया होऊन पाण्यात उतरतात.

परडीवाला
वरचं बरोबर, पण अडचण निम्मी तळाशी आहे. भिजलेला दाणा खाली बसतो. मातीच्या तळ्यात तो गाळात जिरतो, अस्तरावर नुसता सडतो आणि शेवाळाला खत मिळतं. कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. मनगट बुडतानाच पंजा दिसेनासा झाला तर खाद्य चार-पाच दिवस बंद ठेवा. बागेला पाणी देताना फुटबॉल (पंपाच्या पाइपच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह) तळाजवळ सोडून तिथलं पाणी उपसा (ड्रिपचा सँड फिल्टर रोज धुवावा लागेल), वर ताजं भरा. पहाटे मासे तोंड वर काढत असतील तर एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, नसेल तर पंपाने पाणी उंचावरून तळ्यातच पाडा.

सायप्रिनस तळाला चरतो. त्याच्यासाठी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे भिजवून गोळे परडीत ठेवा, परडी तळापासून फूटभर वर टांगा. दोन तासांनी उचलून बघा. उरलंय की नाही ते डोळ्यांना दिसतं, तरंगत्या खाद्यात वाऱ्याने दाणे कोपऱ्यात गेले की अंदाज चुकतो. परडीतलं त्या 1 किलोतूनच वजा करायचं, वेगळं नाही.

निफाड_बागायतदार
पेंड घरात आहे, थोडी ओल लागलीय. उन्हात वाळवून चालेल?

सिन्नर_तळेवाला
नाही भाऊ. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन उन्हाने जात नाही, माशाचं यकृत खराब करतं. जनावरांनाही घालू नका. खाद्याच्या उरलेल्या गोण्या भिंतीपासून लांब, लाकडी फळीवर ठेवा. खवट वास आला तर तारीख काहीही असो, टाकून द्या.

आणि मार्चचा विचार आत्ताच करा. पाणी तापतं, मासा खायला लागतो, पण नेमकं तेव्हाच बागेसाठी तळं निम्म्यावर येतं. तेवढ्याच माशांचा अमोनिया निम्म्या पाण्यात. तेव्हा खाद्य वाढवण्याआधी अर्धा किलोच्या वरचे मासे काढून विका.


परडीवाला
फवारणीचा ब्लोअर तळ्याकाठी धुवू नका, हे राहिलंच.