झोन बदलणं म्हणजे चार दुकानं येणं नव्हे

नकाशावाचक (मूळ धागा):
काल इथे एकाने लिहिलं की, निवासी जागा वाणिज्य विभागात जायला हरकत घेणारे लोक विकासाच्या आड येतात. त्यांना किराणा पावलावर हवा, पण दुकान दुसऱ्याच्या दारात हवं. वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितो.

किराणा, दवाखाना, पिठाची गिरणी यांच्यासाठी झोन, म्हणजे नकाशावर ठरलेला जमिनीचा वापर, बदलावा लागत नाही. रस्ता पुरेसा रुंद असला तर २०२० च्या युडीसीपीआरमध्ये (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत) निवासी विभागातच त्यांना जागा आहे. मग मालक एमआरटीपीच्या (महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या) कलम ३७ खाली विकास योजनेत फेरबदल कशाला मागतो? निवासी विभागात जे बसत नाही ते बसवायला. शिवाय झोन जमिनीला लागतो, मालकाला नाही. आज 'फक्त तपासणी केंद्र काढणार' म्हणणारा उद्या जागा विकेल आणि घेणारा परमिट रूमचा अर्ज करील. तेव्हा आजचं तोंडी आश्वासन कुणाला दाखवणार?

गाळेधारक:
साफ असहमत. पुण्याच्या पेठा, गिरगाव, दादर, सगळीकडे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. म्हातारी माणसं औषध आणायला चालत जाऊ शकतात ती याच रचनेमुळे. घरं एकीकडे आणि कामधंदा दुसरीकडे केला की प्रत्येक कामाला गाडी काढावी लागते. वर तुमच्या हरकतींत असतं काय? 'शांतता भंग होईल', 'वातावरण बिघडेल'. नगररचना अधिकाऱ्याने त्यावर काय शेरा मारावा?

ड्रेनेजवाला:
शांतता सोडा, गटाराच्या चेंबरचं बोला. बांधकामाच्या संहितेत हॉटेलातल्या खुर्चीमागे रोज ७० लिटर पाणी धरतात आणि घरात माणशी १३५. शंभर खुर्च्यांचं हॉटेल म्हणजे ७,००० लिटर, म्हणजे ५२ माणसांचं पाणी एका गाळ्यात. त्यातलं ८० टक्के, ५,६०० लिटर, गल्लीतल्या १५० मिलिमीटरच्या लाइनीत जाणार, तेही दुपारी दोन तास आणि रात्री तीन तास एकदम. लाइन टाकताना हिशेब बंगल्यांचा होता.

गाळेधारक:
ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, बसवायला लावा. तो न बसवणं हा अंमलबजावणीचा दोष आहे, झोनचा नाही.

ड्रेनेजवाला:
ट्रॅप बसवून प्रश्न सुटत नाही, हे झाकण उघडून बघणाऱ्याला ठाऊक असतं. भांडी घासायचं कढत पाणी आणि लिक्विड साबण एकत्र आले की तेल पाण्यात विरघळल्यासारखं होतं आणि ट्रॅपमधून सरळ पुढे निघून जातं. पन्नास फुटांवर पाणी गार झालं की तेच तेल पाइपच्या कडेला मेणासारखं पांढरं बसतं, त्यावर भात आणि चहाचा चोथा अडकतो. ट्रॅपच्या आउटलेटची टी (तवंगाखालचं पाणी बाहेर नेणारा टी आकाराचा पाइप) तुटलेली असेल तर वरचा तवंगही थेट लाइनीत जातो. तेल आणि गाळ मिळून टाकीची पाव खोली भरली की उपसायला हवं. गजबजलेल्या हॉटेलात ती वेळ आठवड्यातच येते. उपसा झाला नाही की पाणी पहिल्यांदा वर येतं ते सगळ्यांत खालच्या पातळीवरच्या घराच्या मोरीतून, हॉटेलात नाही! म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही.

गाळेधारक:
प्रत्येक गाळ्यात हॉटेलच येणार असं धरून तुम्ही भीती घालताय. हा धागा झोनचा होता, गटाराचा नव्हे.

ड्रेनेजवाला:
आवाज चढवू नका. घाण पाणी तुमच्या गाळ्यात शिरत नाही, म्हणून तुम्हाला ते झोनबाहेरचं वाटतं.

पहिला मजला:
आवाजाचा मुद्दा राहिलाच. २००० च्या ध्वनी नियमांत रात्री १० ते सकाळी ६ निवासी क्षेत्राला ४५ डेसिबलची मर्यादा आहे, वाणिज्य क्षेत्राला ५५. दहा डेसिबल म्हणजे दसपट ध्वनीऊर्जा.

गाळेधारक:
त्या नियमांखालचं वर्गीकरण शासन वेगळं करतं. नकाशावर निवासीच्या पिवळ्याचा वाणिज्यचा निळा झाला म्हणून मर्यादा आपोआप बदलत नाही.

पहिला मजला:
बरोबर आहे, मान्य. पण उद्या तक्रार केली की समोरचा वकील तोच निळा रंग पुढे करणार.

नकाशावाचक:
गाळेधारकांचं एक म्हणणं मलाही पटतं, हरकती फार कच्च्या लिहिल्या जातात. फेरबदलाची नोटीस राजपत्रात येते आणि मुदत एक महिन्याची. शेजाऱ्याला घरपोच नोटीस मिळेल असं धरून बसू नका. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स दिल्या तर सगळ्या मिळून एकच मुद्दा धरला जातो. सर्व्हे नंबर आणि नोटिशीचा क्रमांक व तारीख घाला, सोसायटीतर्फे देत असाल तर समितीचा ठराव जोडा, आवक क्रमांकाची पोच घ्या आणि 'सुनावणी हवी' हे शब्द लिहाच.

सगळ्यात भक्कम मुद्दा रस्त्याचा. नकाशावर १८ मीटर, जागेवर ७.५, असं सर्रास असतं. कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत टेप धरा: तोंडाशी, मध्ये आणि सगळ्यांत अरुंद ठिकाणी. विजेचा खांब आणि फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी) टेपच्या आत येतील असा फोटो काढा. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर प्रत्येकी दोन मीटर गेले, उरले साडेतीन. तिथे मालाचा टेंपो उभा राहिला की रुग्णवाहिका मागे थांबणार. कलम ३७ विकास योजनेचं मूळ स्वरूप बदलू देत नाही, म्हणून त्याच गल्लीत आधी झालेल्या फेरबदलांची यादीही जोडा.

जुना वकील:
बंगळुरूच्या राजमहल विलास विस्तारातली बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. रहिवासी लढले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांची बाजू उचलून धरली. 'रहिवाशांचा काय संबंध' हा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

गाळेधारक:
ती मोकळी जागा होती. इथे खासगी निवासी प्लॉट आहे, तो निकाल जसाच्या तसा लागू होणार नाही.

जुना वकील:
निकालाचा शेवट लागू होणार नाही, हे खरं. दाद मागायचा हक्क मात्र लागू होतो.

गाळेधारक:
ठीक. माझा विरोध सरसकट नकाराला आहे आणि तो राहील. पण ३७(२) मध्ये शासन अटी घालून मंजुरी देऊ शकतं, तर अटी मागा. मद्यविक्री आणि मंगल कार्यालय नाही. माल उतरवायची जागा प्लॉटच्या आत. जनरेटरची चिमणी नियमाप्रमाणे इमारतीच्या उंचीवर ०.२ गुणिले केव्हीएचं (जनरेटरच्या क्षमतेचं) वर्गमूळ, म्हणजे १०० केव्हीएला छताच्या वर दोन मीटर. या अटी मलाही जड नाहीत.

ड्रेनेजवाला:
आणि मुख्य लाइनीपर्यंत वेगळी ड्रेनेज लाइन, मालकाच्या खर्चाने. ती टाकल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही, हे अधिसूचनेतच लिहून घ्या.