सल्ला हवा: कंपनीतल्या १४० जणांचे नंबर मोबाइलवर कसे ठेवावेत?

अंबडकर:
कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, स्टोअर सिन्नरला. ३५ जणांना गुगल वर्कस्पेसचा कंपनी ईमेल आहे, बाकी वर्कशॉपची मंडळी, नुसता मोबाइल. सध्या गेटवरच्या यादीचा फोटो सगळ्यांच्या गॅलरीत फिरतोय, निम्मे नंबर जुने. आडनावावरून शोधता यावं आणि फोन आला की नावही दिसावं. जाधवच सहा आहेत!

गोदाकाठ:
भाऊ, डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीच्या गुगल खात्यातल्या सामायिक यादीत, शोधणं वेगळं आणि फोनमध्ये नंबर सेव्ह असणं वेगळं. इथेच सगळे फसतात.

ईमेलवाल्या ३५ जणांसाठी: अ‍ॅडमिन कन्सोल (कंपनीची गुगल खाती सांभाळायचं पान), डिरेक्टरी, डिरेक्टरी सेटिंग्ज, तिथे कॉन्टॅक्ट शेअरिंग चालू करा. बदल दिसायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तोवर पुन्हा पुन्हा बटणं दाबू नका. प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर भरलेला हवा, नाहीतर डिरेक्टरीत फक्त ईमेल दिसतो. अँड्रॉइडवर कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये कंपनीचं खातं निवडून शोधा. आयफोनवाल्यांनी ब्राउझरमध्ये गुगल कॉन्टॅक्ट्स उघडून डावीकडचं डिरेक्टरी बघावं.

पण हा शोध नेटवर चालतो. शेडच्या आत रेंज गेली की संपलं. आणि डिरेक्टरीतलं नाव येणाऱ्या कॉलवर दिसेल याची खात्री नाही. त्यासाठी नंबर फोनमध्येच हवा.

सिन्नरफाटा:
वर्कशॉपसाठी एक्सेलची एकच यादी ठेवा आणि ती गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये सीएसव्ही (यादीची साधी मजकूर फाइल) करून चढवा. रकान्यांची नावं मनाने देऊ नका. आधी एक कॉन्टॅक्ट हाताने बनवा, तो सीएसव्हीत एक्सपोर्ट करा आणि त्याच मथळ्यांखाली बाकीचे भरा. विभाग नावात न घुसवता कंपनीच्या रकान्यात लिहा, उदा. 'प्रेसशॉप' किंवा 'सिन्नर स्टोअर'. शोधताना तोही रकाना धरला जातो, म्हणजे सहा जाधवांचा प्रश्न मिटला.

चढवताना सगळ्यांना एक लेबल द्या. मग तिथून व्हीसीएफ (फोनला थेट उघडता येणारी कॉन्टॅक्टची) फाइल काढून ग्रुपवर टाका. उघडताना अँड्रॉइड फोन 'कुठे सेव्ह करू' विचारतो, तेव्हा गुगल खातं निवडायचं. सिम अजिबात नको, तिथे साधारण अडीचशे नावं मावतात आणि विभाग वगैरे काही राहत नाही.

अंबडकर:
करून बघितलं. नंबरच्या जागी ९.१९८E+११ असं काहीतरी आलंय, आणि मराठी नावांची प्रश्नचिन्हं झालीत.

एक्सेलताई:
ते एक्सेलचं काम. + काढून टाकतं आणि १२ आकडी नंबर आखडून दाखवतं. शीटमध्ये आकडे शाबूत असतात, पण तसंच सीएसव्ही सेव्ह केलं की जे दिसतंय तेच लिहिलं जातं आणि शेवटचे आकडे गेलेच. म्हणून ती सीएसव्ही टाकून द्या, मूळ शीटवर जा. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग नंबर पेस्ट करा. सेव्ह करताना साधं सीएसव्ही नको, 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. प्रश्नचिन्हं जातील.

लँडलाइनचंही तेच. ०२५३ मधलं शून्य एक्सेल खातं. तसंही +९१ लावलं की शून्य नकोच: +९१२५३ आणि पुढे सात आकडे. सिन्नर असेल तर +९१२५५१ आणि पुढे सहा. एक्स्टेन्शनसाठी नंबरानंतर स्वल्पविराम देऊन आकडे लिहा. एक स्वल्पविराम म्हणजे सुमारे दोन सेकंद थांबा. कंपनीच्या फोन बोर्डावर आधी वाजणारी टेप लांब असेल तर दोन-तीन द्या.

अंबडकर:
आणि दर महिन्याला बदल झाले की?

सिन्नरफाटा:
तीच फाइल पुन्हा उघडली की सगळे दुप्पट होतात. वेबवर जुनं लेबल काढताना 'कॉन्टॅक्टसकट काढा' असा पर्याय येतो, तो निवडा आणि नवीन यादी चढवा. ज्यांनी व्हीसीएफ घेतली त्यांना गुगल कॉन्टॅक्ट्समधल्या 'मर्ज अँड फिक्स'वर जाऊन दुहेरी नावं एकत्र करावी लागतील. सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन एक खातं वाटू नका. एकाने चुकून पुसलं की सगळ्यांच्या फोनमधून जातं. कचरापेटीत ३० दिवस राहतं, पण तोवर कुणाच्या लक्षात आलं तर.

गोदाकाठ:
व्हीसीएफमध्ये घरचा पत्ता, जन्मतारीख घालू नका. ती फाइल गेटबाहेर जाणारच. आणि महिला कर्मचाऱ्यांचा खासगी नंबर विचारल्याशिवाय नको, त्यांच्या नावापुढे विभागाचं एक्स्टेन्शन चालतं.